एका रोगाच्या ऐंशी चिठ्ठ्या

इतिहासाची साधने म्हटली की आमच्यासारख्या हौशी वाचकाला ताम्रपट, बखरी आणि मोडी दफ्तरे एवढेच आठवते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी हेही इतिहासाचे साधन असू शकते, हे ध्यानात यायला आम्हांला एक पिशवी सापडावी लागली. आमच्या एका आत्याच्या पश्चात तिच्या कपाटातून प्लॅस्टिकची एक जुनी पिशवी निघाली. तीत छातीची तीन क्ष-किरण चित्रे, औषधांच्या दुकानाची काही बिले आणि १९८६ ते १९८९ या काळातल्या अकरा चिठ्ठ्या होत्या. आत्या गेली ती वार्धक्याने. पण चाळिशीत तिला क्षय झाला होता आणि तो बरा व्हायला साडेतीन वर्षे लागली, हे घरात सर्वांना ठाऊक होते. 'टीबी' हा शब्द मात्र आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे. 'छातीचं दुखणं' म्हणत.

अकरा चिठ्ठ्या चार डॉक्टरांच्या होत्या. पहिल्या दोन्हींवर खोकल्याचे औषध आणि ताकदीची इंजेक्शने. तिसरीवर स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड. सहासात महिन्यांनी डॉक्टर बदलले. त्यांनी तीच औषधे ठेवून वर इथॅम्ब्युटॉल लिहिले. पुढच्या डॉक्टरांनी 'मागील गोळ्या चालू ठेवाव्यात' असे लिहून खाली रिफाम्पिसिन जोडले. चौथ्यांनी आणखी एक गोळी वाढवली. अखेरीस आत्याला सरकारी रुग्णालयात नेले, तिथे सारी औषधे बदलली गेली, आणि ती वाचली. मात्र इंजेक्शनांनी दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की, डॉक्टर सगळे चांगले होते, प्रत्येकाने काहीतरी नवीन देऊन पाहिले. नेमके हे 'काहीतरी नवीन देऊन पाहणे' हाच या रोगाच्या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे, हे समजायला आम्हांला बरेच वाचन करावे लागले. त्या वाचनाची हकीकत येथे मांडतो आहोत.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षे पूर्ण व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या. फिलाडेल्फियाला जाऊन त्या काळचे सर्वांत आधुनिक वैद्यक शिकून आलेल्या या तरुण स्त्रीला आपल्या रोगाचे कारण ठाऊक असणार. औषध मात्र जगात कोणाहीजवळ नव्हते. कारण सापडल्यापासून औषध सापडेपर्यंत एकसष्ट वर्षे गेली. या मधल्या काळात चिठ्ठीला फारसा अर्थच नव्हता. हवापालट, दूध, अंडी, विश्रांती आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे, हाच उपचार.

१९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ आणि सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि चित्र पालटले. पण ते पालटले म्हणतानाच एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आपल्याकडच्या लोकप्रिय विज्ञानकथनात सहसा येत नाही. या औषधाची ब्रिटनमध्ये जी चाचणी झाली, ती आधुनिक वैद्यकातली पहिली रीतसर यादृच्छिक चाचणी म्हणून नावाजली जाते. युद्धोत्तर ब्रिटनकडे डॉलर नव्हते, औषध अमेरिकेतून जेमतेम आले होते. ते सर्वांना पुरणे शक्यच नव्हते, म्हणून कोणाला द्यावे हे सोडत काढून ठरवणे न्याय्य ठरले. ५५ रुग्णांना औषध अधिक विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. ऑक्टोबर १९४८मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. जगाने जल्लोष केला. त्याच निबंधात हेही नोंदलेले होते की, सुधारलेल्या रुग्णांपैकी अनेक जण काही महिन्यांनी पुन्हा ढासळू लागले, आणि तपासलेल्या बहुतेकांच्या जंतूंनी या औषधाला दाद देणे सोडले होते. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषधवाल्या गटातले ३२ आणि विश्रांतीवाल्या गटातले ३५ मृत्युमुखी पडलेले होते. म्हणजे औषधाला न जुमानणारा क्षय हा काही नंतर झालेला बिघाड नव्हे. औषध आणि त्याचा पराभव एकाच निबंधात छापलेले आहेत.

जॉर्ज ऑर्वेलची कथा याच वर्षातली. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयात त्याच्यासाठी १९४८ साली अमेरिकेतून खास खटपट करून स्ट्रेप्टोमायसिन मागवले गेले. त्याच्या अंगावर त्याची इतकी भयंकर प्रतिक्रिया उठली की ते थांबवावे लागले, आणि उरलेले औषध दुसऱ्या रुग्णांना दिले गेले. जानेवारी १९५०मध्ये तो गेला. साहित्याच्या वाचकाला ही गोष्ट नशिबाची वाटते. आम्हांला मात्र तीत एक वेगळी गोष्ट दिसते: त्याला औषध पुरते सोसले असते, तरी ते एकटेच दिले जात होते.

एकटे का चालत नाही, याचे गणित सोपे आहे. फुप्फुसातल्या एका मोठ्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांत दहा लाखांमागे एखादा जंतू आयसोनियाझिडला जन्मतःच दाद न देणारा असतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण दहा कोटींत एक इतके विरळ. एकच औषध दिले की बाकीचे सारे मरतात आणि हा एक उरतो. मोकळ्या रानात तो वाढतो, आणि काही महिन्यांनी त्याच्याच वंशजांनी पोकळी भरते. दोन किंवा तीन औषधे एकदम दिली, तर सर्वांना पुरून उरणारा जंतू सापडण्याची शक्यता जवळपास शून्यावर येते. १९५०पर्यंत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पीएएस देऊन हे सिद्धही झाले. १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि एडिंबरोत जॉन क्रॉफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही औषधे एकत्र, काटेकोरपणे, पुरेसा काळ देऊन दाखवून दिले की क्षय जवळपास शंभर टक्के बरा होऊ शकतो. इतर गावच्या तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसेना.

या गणितातून दोन नियम निघतात. पहिला: क्षयावर एकटे औषध कधीही देऊ नये. दुसरा, अधिक महत्त्वाचा आणि अधिक मोडला गेलेला: उपचार फसत असेल तर त्यात एक नवे औषध जोडू नये. कारण जुनी औषधे निकामी झालेली असताना जोडलेले नवे औषध हे प्रत्यक्षात एकटेच लढत असते. काही महिन्यांत तेही जाते. आमच्या आत्याच्या चिठ्ठ्या या नियमाच्या उल्लंघनाचे शिकवणीतले उदाहरण म्हणून लावता येतील. प्रत्येक डॉक्टरने सद्भावनेने एकेक औषध जोडले, आणि एकेक औषध गमावले.

आता भारताकडे येऊ, कारण या कथेचा दुसरा अंक मद्रासमध्ये घडतो. १९५६ साली तिथे क्षयचिकित्सा केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांवर एक तुलना झाली: निम्म्यांना आरोग्यधामात ठेवून आणि निम्म्यांना त्यांच्या गजबजलेल्या, गरीब घरांत ठेवून, वर्षभर तीच औषधे. आरोग्यधामातल्यांना अन्न चांगले, खाट चांगली, देखरेख चांगली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगभरच्या आरोग्यधामांचा पाया काढून घेतला. घरच्या रुग्णांचे निकाल जवळजवळ तितकेच चांगले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. या शोधाचे कौतुक आपल्याकडे पुरेसे झालेले नाही, असे आमचे मत आहे; गरीब देशाने श्रीमंत देशांना शिकवलेला असा धडा आधुनिक वैद्यकात विरळाच. पण त्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. बरे करण्याची जबाबदारी आता खाटेवरून, हवेवरून आणि परिचारिकेवरून सरकून संपूर्णपणे कागदाच्या एका तुकड्यावर आली. औषध बरोबर लिहिले, पुरेसा काळ मिळाले आणि घेतले गेले, तर क्षय घरी बरा होतो. यांतले काही चुकले, तर घरीच तो औषधांना निर्ढावतो, आणि ते पाहायला कोणी नसते.

कोणी पाहत नव्हते हेही लवकरच कळले. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे तुमकूर जिल्ह्यात केलेल्या अभ्यासाचा निबंध १९६३ साली आला. तोवर सर्वसाधारण समज असा की खेड्यातला माणूस अडाणी, त्याला रोगाची जाणीव नाही, तो दवाखान्यात येत नाही. अभ्यासात दिसले ते उलट. क्षयाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी आपण होऊन सरकारी दवाखान्याची पायरी चढलेली होती, आणि तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. आमच्या पिशवीतल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या या परंपरेतल्या आहेत. त्यांच्यात आणि तुमकूरच्या निबंधात तेवीस वर्षांचे अंतर आहे.

सरकारी दवाखाना असा, तर रुग्ण गेला खासगी डॉक्टरकडे. हा डॉक्टर कोण, तो काय लिहितो, हे कित्येक दशके कोणी विचारलेच नाही. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, पण त्याचे आकडे सरकारी नोंदवहीपुरते. १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईच्या धारावीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना एकच साधा प्रश्न विचारला होता: क्षयाच्या रुग्णाला तुम्ही काय लिहून द्याल? उत्तरादाखल ऐंशी निरनिराळे उपचारक्रम मिळाले. बहुतेक अयोग्य, आणि बरेचसे महागही.

ऐंशी हा आकडा हसण्यासारखा आहे, आणि आम्हीही प्रथम हसलो. मग वाटले, दोष त्या डॉक्टरांवर ढकलून मोकळे होणे फार सोपे आहे. धारावीतल्या दवाखान्यांत सगळेच अ‍ॅलोपथीचे पदवीधर नव्हते. आयुर्वेद आणि होमिओपथी शिकलेले डॉक्टर आधुनिक औषधे लिहीत होते, कारण वस्तीत दुसरे कोणी बसायला तयार नव्हते. पदवी घेतल्यावर नवे ज्ञान मिळण्याचा मार्ग म्हणजे बहुतांशी औषधकंपनीचे प्रतिनिधी. रुग्णाकडे रोजच्या मजुरीतून आठवड्यापुरते पैसे. त्याला आठवडाभरात बरे वाटले नाही, तर तो पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाणार, हे दोघांनाही ठाऊक. अशा स्थितीत डॉक्टर चिठ्ठीत लिहितो ते निव्वळ औषध नसते. रुग्णाने परत यावे यासाठी केलेली ती आर्जवही असते. थोडी ताकद, थोडे स्टेरॉइड, एखादे नवे प्रतिजैविक. क्षयाचा उपचार सहा महिने कंटाळवाणेपणाने तेच ते घेण्याचा असतो, आणि बाजार कंटाळवाण्या गोष्टीवर चालत नाही.

मग सरकारी चिठ्ठी तरी बिनचूक होती का? येथे आमच्या अनेक डॉक्टर मित्रांशी आमचा मतभेद आहे. १९९३ साली प्रायोगिक रूपात सुरू झालेल्या, १९९७पासून विस्तारलेल्या आणि २००६ साली सर्व देशभर पोचलेल्या सुधारित कार्यक्रमाने लाखो जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. समोर बसवून गोळ्या गिळवण्याची त्याची पद्धत आज जाचक वाटली, तरी औषधे फुकट आणि ठरावीक होती. पण या कार्यक्रमाने खर्च व देखरेख यांची सोय पाहून आठवड्यातून तीनदाच औषध देण्याचा क्रम निवडला, आणि तो तज्ज्ञांच्या टीकेनंतरही वर्षानुवर्षे ठेवला. जानेवारी २०१७मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर नऊ महिन्यांची मुदत ठरली, आणि त्या वर्षी दैनंदिन औषधोपचार सुरू झाला. याहून नवल दुसऱ्या गोष्टीचे. ज्यांचा पहिला उपचार फसला, त्यांच्यासाठी कार्यक्रमाची 'दुसरी श्रेणी' होती. तीत काय होते? पहिलीच औषधे, अधिक स्ट्रेप्टोमायसिन. फसलेल्या उपचाराला एक औषध जोडण्याची मनाई ज्या पाठ्यपुस्तकात, त्याच पाठ्यपुस्तकात हा क्रम. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस मागे घेतली ती २०१७ साली. गल्लीतल्या डॉक्टरने हेच केले की आपण त्याला अज्ञान म्हणतो.

शब्दांकडे पाहणे ही या पानावरची आमची जुनी खोड, म्हणून जाता जाता एका शब्दाविषयी. उपचार मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला सरकारी कागदांत 'डिफॉल्टर' म्हटले जाई. हा शब्द सावकारीतला आहे. कर्ज बुडवणाऱ्याला जो शब्द, तो गोळ्या संपल्यावर गावी निघून गेलेल्या मजुराला लावला की पुढचा विचार आपोआप थांबतो. गोळ्या संपल्या का, दवाखाना तिच्या कामाच्या वेळेत बंद असे का, उलट्यांनी जीव नकोसा झाला होता का, हे कोणी विचारीत नाही. आमच्या आत्याच्या रुग्णालयाच्या कागदावर हा शिक्का आहे. तिच्या पिशवीतल्या बिलांवरून मात्र असे दिसते की औषध एकही दिवस चुकले नव्हते. डॉक्टर बदलले होते.

दरम्यान बाजारात एक नवे अस्त्र आले होते. फ्लुओरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके क्षयाच्या राखीव फौजेतली, म्हणजे पहिली औषधे हरल्यावर काढायची. आपल्याकडे ती जुलाबाला, लघवीच्या जळजळीला आणि साध्या खोकल्यालाही सर्रास दिली गेली. खोकला क्षयाचा असेल, तर या गोळ्यांनी पंधरा दिवस बरे वाटते, निदान लांबते, आणि जंतूंना त्या औषधाची ओळख होऊन बसते. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने आपल्या नमुन्यांची मोजणी प्रसिद्ध केली आहे: या गटाला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंचे प्रमाण १९९६ साली ३ टक्के होते, २००४ साली ते ३५ टक्के झाले. एका मोठ्या खासगी रुग्णालयात पोचणारे रुग्ण साऱ्या शहराचे प्रतिनिधी नसतात, हे खरे. तरीही आठ वर्षांत झालेली ही चढण पाहून आम्हांला त्या शहरात लिहिल्या गेलेल्या लाखो चिठ्ठ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

याच रुग्णालयातून डिसेंबर २०११मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षय झालेले चार रुग्ण. इटली आणि इराणमधून अशा रुग्णांची वृत्ते आधी आली होती, भारतातून प्रथमच. पत्रातले एक वाक्य वर्तमानपत्रांनी फारसे उचलले नाही, पण आमच्या दृष्टीने पत्राचा जीव तिथे आहे. चौघांपैकी तिघांना राखीव औषधे खासगी डॉक्टरांकडून, एकेक करून जोडलेली, बरेचदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. अठरा महिन्यांत सरासरी चार डॉक्टर. वाचता वाचता आम्ही पिशवीतल्या चिठ्ठ्या पुन्हा काढून मोजल्या.

सरकारची पहिली प्रतिक्रिया नामांतराची होती. 'संपूर्ण औषधरोधी' हा शब्दच मान्य नाही, असे केंद्राने जानेवारी २०१२मध्ये सांगितले; पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही त्या शब्दाची व्याख्या करण्याइतका आधार नसल्याचे म्हटले, आणि शास्त्रीय दृष्ट्या ते चूक नव्हते. पण त्या वादाच्या धुरळ्यात काही कामेही झाली, हे नोंदले पाहिजे. मे २०१२मध्ये क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले. जूनमध्ये क्षयाच्या रक्ततपासण्यांवर बंदी आली. या तपासण्या निरुपयोगी असूनही त्यांचा देशभर मोठा धंदा चालत होता. १ मार्च २०१४पासून क्षयाची औषधे 'एच-१' सूचीत गेली: दुकानदाराने चिठ्ठी पाहावी, डॉक्टर आणि रुग्ण यांची नावे वहीत नोंदवावीत, वही तीन वर्षे जपावी. चिठ्ठीच्या इतिहासात राज्यसंस्थेने तिची नक्कल जपण्याचा हा आदेश आम्हांला फार बोलका वाटतो.

धारावीचा प्रश्न वीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला होता. उदवाडिया, लॅन्सलॉट पिंटो आणि स्वतः उपळेकर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०६ खासगी डॉक्टर होते. त्यांनी ६३ निरनिराळे उपचारक्रम लिहिले. बरोबर लिहिणारे ६. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची चिठ्ठी बरोबर लिहू शकणारे ३. ऐंशीवरून त्रेसष्टावर, ही वीस वर्षांची प्रगती. आणि हा बाजार लहान नव्हता. २०१४ साली भारतातल्या खासगी विक्रीतून गेलेल्या क्षयाच्या औषधांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ती सुमारे १ कोटी ७८ लाख रुग्ण-महिने पुरतील इतकी निघाली, म्हणजे सरकारी पुरवठ्याच्या दुप्पट.

तरी कागदावर विचारलेला प्रश्न आणि दवाखान्यात केलेली कृती यांत फरक असतो. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत शिकवून तयार केलेली माणसे रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवली. २०१५ साली निकाल आला: २५० भेटींपैकी योग्य हाताळणी २१ टक्क्यांत. पुढे मुंबई आणि पाटणा येथे २६०२ भेटी झाल्या, तिथे प्रमाण ३५ टक्के. नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की डॉक्टरांना जे माहीत होते, तेही प्रत्यक्ष रुग्णासमोर बरेच जण करीत नव्हते. थुंकी तपासायला पाठवण्याऐवजी औषध लिहिणे त्यांना सोयीचे पडत होते. औषधांच्या दुकानांविषयीचा निष्कर्ष मात्र आमच्या पूर्वग्रहाला धक्का देणारा निघाला. दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील ६२२ दुकानांपैकी एकानेही या बनावट रुग्णांना क्षयाची पहिल्या फळीची औषधे आपल्या मनाने दिली नाहीत. साधी प्रतिजैविके दिली ती अनेकांनी. दुकानदाराला शिव्या देणे ही आपल्या मध्यमवर्गाची आवडती करमणूक असल्याने हे मुद्दाम लिहितो आहोत.

एवढे लिहून झाल्यावर आम्हांला आमच्याच मांडणीला एक आक्षेप घ्यावा लागतो. सारा दोष चिठ्ठीचा, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. २०१४ ते २०१६ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४९५८ रुग्ण तपासले गेले. पूर्वी उपचार झालेल्यांत अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे प्रमाण ११.६२ टक्के निघाले, हे अपेक्षितच. पण ज्यांनी आयुष्यात क्षयाची एक गोळीही घेतलेली नव्हती, अशांतही ते २.८४ टक्के होते. आणि नव्या रुग्णांची संख्याच मोठी असल्याने हा लहान टक्का प्रत्यक्षात पुष्कळ माणसांचा होतो. त्यांची चिठ्ठी कोणी चुकवलेली नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी चुकलेल्या चिठ्ठीतून घडलेला जंतू त्यांनी श्वासावाटे घेतला. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या पुनर्वसन वसाहतींचा, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या ठिकाणांचा अभ्यास झाला आहे. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही, आणि क्षयाचे प्रमाण अशाच घरांत अधिक. मद्रासच्या प्रयोगाने आरोग्यधामांची हवा अनावश्यक ठरवली होती, ती औषध घेणाऱ्या रुग्णापुरती. शेजाऱ्याच्या हवेचा प्रश्न तिथे नव्हता.

आणि या कथेचा अलीकडचा भाग तर चिठ्ठीच्या उलट बाजूने सुरू होतो. पन्नासेक वर्षांत क्षयासाठी खास बनलेले पहिले नवे औषध, बेडाक्विलिन, २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. भारतात ते २०१६ साली मोजक्या केंद्रांपुरते आले. इतके दिवस औषधे उधळल्याचा पश्चात्ताप म्हणून की काय, हे औषध कुलुपात ठेवण्यात आले. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीतल्या केंद्राने ते नाकारले. कारणांत ती दिल्लीची रहिवासी नाही, हेही होते. वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, जानेवारी २०१७मध्ये औषध मिळाले, पण फुप्फुसे तोवर निकामी होत आली होती. ऑक्टोबर २०१८मध्ये ती गेली. ऐंशी चुकीच्या चिठ्ठ्यांच्या देशात एका बरोबर चिठ्ठीला न्यायालयाचा हुकूम लागला, हा प्रसंग आम्हांला अजून अस्वस्थ करतो. औषध राखून ठेवण्यामागचा युक्तिवाद आम्हांला कळतो. जंतू ते औषध शिकले तर उद्या काय, हा प्रश्न खोटा नाही. फक्त त्याची किंमत तिने द्यावी, हे कोणी ठरवले होते, हे कळत नाही.

मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या इंजेक्शनांनी गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी, ज्यांचीही श्रवणशक्ती अशीच गेली होती, बेडाक्विलिनवरचे एकस्व वाढवून मिळण्यास भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३मध्ये एकस्व कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. इंजेक्शनाविना, चार औषधांचा, सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली पुरस्कारला. भारत सरकारने तो सप्टेंबर २०२४मध्ये मान्य केला. त्याच वर्षी मार्चमध्ये साध्या, पहिल्या फळीच्या औषधांचा देशात तुटवडा होता, आणि राज्यांनी ती स्थानिक बाजारातून विकत घ्यावीत, असे केंद्राला कळवावे लागले होते.

आत्याच्या पिशवीतली शेवटची चिठ्ठी सरकारी रुग्णालयाची. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, औषधाचे नाव, वजनाप्रमाणे मात्रा, किती महिने, आणि पुढच्या थुंकी-तपासणीची तारीख. साऱ्या अकरांत तारखा घातलेली आणि तिचे वजन लिहिलेली ही एकच आहे: एकतीस किलो. मागच्या बाजूला आत्याच्या हातचे लिहिलेले आहे, 'गोळी उपाशीपोटी. चहा नंतर.'